झाप्फिनो : सुलेखनात्मक अक्षरसंचाची शैली आणि उपयोजन

बीजशब्द : सुलेखन, अक्षरसंच, इटालिक वळण, पर्यायी अक्षराकृती, मुद्रणकला

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या कार्यालयातून वर्षभर जे छापील कागद बाहेर पडतात, त्यांतील बहुतेक वाचून झाले की विस्मरणात जातात. प्रमाणपत्र, मानपत्र, समारंभाची निमंत्रणपत्रिका आणि स्मरणिकेचे मुखपृष्ठ हे मात्र जपून ठेवले जातात. अशा कागदावरील अक्षराने मजकूर पोहोचवणे पुरेसे नसते. प्रसंगाचा मान राखणे हेही त्याचे काम असते. एके काळी हे काम वळणदार हस्ताक्षराच्या एखाद्या कलाशिक्षकाकडे सोपवले जाई. टाक, शाई आणि निवांत बैठक एवढ्यावर ते होत असे. संगणक आल्यानंतर हे काम फाँटच्या यादीतून एक नाव निवडण्यापुरते उरले, असा समज रूढ झाला. हा समज कितपत खरा आहे, हे सुलेखनात्मक अक्षरसंचांच्या संदर्भात तपासून पाहणे उपयुक्त ठरते.

सुलेखन आणि मुद्राक्षर यांच्यात एक मूलभूत विरोध आहे. मुद्राक्षराचा पायाच पुनरावृत्ती हा आहे. एकदा घडवलेले अक्षर हजार वेळा उमटले तरी ते तसूभरही बदलत नाही, आणि म्हणूनच मुद्रण शक्य होते. हाताने लिहिलेले अक्षर मात्र दोनदा सारखे येत नाही. शब्दाच्या शेवटी जागा मोकळी असेल तर लेखक शेवटच्या अक्षराची शेपटी लांबवतो. खालच्या ओळीत उंच अक्षर येणार असेल तर तीच शेपटी आखडती घेतो. त्यामुळे हस्तलेखनाचे अनुकरण करणारा अक्षरसंच बहुधा अर्धवटच यशस्वी होतो. पहिल्या दृष्टिक्षेपात तो मोहक वाटतो. तेच अक्षर तिसऱ्यांदा त्याच डौलात आले की हाताचा आभास मोडतो.

हा विरोध सोडवण्याचा विसाव्या शतकातील सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणून जर्मन अक्षररचनाकार हर्मन झाप्फ यांच्या ‘झाप्फिनो’ या अक्षरसंचाचा निर्देश करावा लागतो. त्याचे सौंदर्य एकेका अक्षराच्या घाटात आहेच. पण त्याहून अधिक ते एकाच अक्षराच्या अनेक रूपांत आहे. परिणामी निवडीची जबाबदारी वापरणाऱ्याकडे येते. प्रस्तुत लेखात या अक्षरसंचाची घडण व शैली यांचा परामर्श घेऊन त्याचे उपयोजन कोठे योग्य ठरते आणि कोठे ठरत नाही, याची चर्चा केली आहे.

वहीतील पानापासून अक्षरसंचापर्यंत :

हर्मन झाप्फ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१८ रोजी न्यूरेंबर्ग येथे झाला. त्यांना विद्युत अभियंता व्हायचे होते. वडील कामगार संघटनेत सक्रिय असल्याने १९३३ नंतरच्या जर्मनीत ती वाट बंद झाली आणि एका मुद्रणसंस्थेत छायाचित्रांच्या दुरुस्तीचे काम शिकण्यासाठी त्यांनी १९३४ मध्ये उमेदवारी पत्करली. १९३५ मध्ये अक्षररचनाकार रुडॉल्फ कॉख यांच्या स्मरणार्थ भरलेले प्रदर्शन त्यांनी पाहिले आणि सुलेखनाकडे ते वळले. गुरू लाभला नाही. कॉख आणि इंग्लंडमधील एडवर्ड जॉन्स्टन यांची पुस्तके समोर ठेवून त्यांनी स्वतःच अक्षर घटवले. महायुद्धाच्या काळात ते सैन्यात नकाशे काढण्याच्या कामावर होते. भिंगाशिवाय एक मिलिमीटर उंचीची अक्षरे ते लिहू शकत, असे सांगितले जाते. या काळात त्यांच्याजवळ रेखाटनवही असे आणि त्या वहीत १९४४ मध्ये लिहिलेले सुलेखनाचे एक पान हेच झाप्फिनोचे बीज होय.

हे बीज रुजायला चोपन्न वर्षे लागली. या विलंबाचे कारण रचनाकाराचा आळस नव्हे. झाप्फ १९४७ पासून फ्रँकफर्टच्या स्टेम्पेल या टाइप फाउंड्रीत कलाविभागाचे काम पाहत होते, आणि पुढे जगभर गाजलेले पॅलॅटिनो व ऑप्टिमा हे अक्षरसंच त्यांनी याच काळात घडवले. १९४८ मध्ये त्यांनी स्टेम्पेलसाठी मुक्त सुलेखनाच्या धर्तीचा अक्षरसंच करून पाहिला, पण तो मनासारखा साधेना. अडचण धातूची होती. शिशाचा खिळा चौकोनी असतो. अक्षराची शेपटी त्या चौकोनाबाहेर काढायची तर तेवढा धातू शेजारच्या खिळ्यावर अधांतरी राहतो आणि छपाईच्या दाबाखाली मोडतो. जुन्या छापखान्यांत काम केलेल्या जुळाऱ्यांना ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही; देवनागरीचे वर-खाली जाणारे उकार, मात्रा आणि रफार बसवताना त्यांनी हीच कसरत केलेली होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी झाप्फ यांनी ‘व्हर्चुओसा’ हे सुलेखनात्मक अक्षर धातूत आणले खरे, पण त्यातील लपेटी खिळ्याच्या मर्यादेत आखडूनच राहिल्या.

पुढे छायाक्षरजुळणी आली, संगणक आला. झाप्फ या बदलांपासून दूर राहिले नाहीत, ही त्यांच्या पिढीतील सुलेखनकारांच्या बाबतीत दुर्मीळ म्हणावी अशी गोष्ट आहे. रॉचेस्टर येथील तंत्रसंस्थेत १९७७ ते १९८७ या काळात त्यांनी संगणकीय अक्षरजुळणीचे अध्यापन केले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्यासह गणिती मजकुरासाठी ‘ऑयलर’ हा अक्षरसंच त्यांनी सिद्ध केला. त्या प्रकल्पात काम केलेला डेव्हिड सीगल हा विद्यार्थी १९९३ मध्ये एक कल्पना घेऊन त्यांच्याकडे आला : एकाच अक्षराची पुष्कळ रूपे असलेला आणि त्यांतून योग्य ते रूप संगणकाने निवडावे असा अक्षरसंच. झाप्फ प्रारंभी साशंक होते. परंतु १९४४ च्या वहीतील ते पान त्यांना आठवले आणि जे शिशात जमले नव्हते ते येथे जमू शकेल, असे त्यांना वाटले. बोस्टनचा प्रोग्रॅमर जिनो ली याचेही साहाय्य घेण्यात आले. काम पूर्णत्वाला येत असताना सीगलने वैयक्तिक कारणांमुळे अंग काढून घेतले आणि प्रकल्प रखडला. अखेर झाप्फ यांनी तो लायनोटाइप या कंपनीपुढे मांडला, आणि १९९८ मध्ये झाप्फिनो प्रसिद्ध झाला. त्या वेळी झाप्फ ऐंशी वर्षांचे होते.

पहिल्या आवृत्तीत चार स्वतंत्र वर्णमाला, जोडाकृती आणि अलंकरणे होती. वापरणाऱ्याने अक्षरागणिक या चार वर्णमालांतून हवे ते रूप उचलावे, अशी अपेक्षा होती. नंतर जपानी अक्षररचनाकार अकिरा कोबायाशी यांच्या सहकार्याने त्याची सुधारित व विस्तारित आवृत्ती ‘झाप्फिनो एक्स्ट्रा’ या नावाने आली. तिच्यात ठळक वळणाचीही भर पडली आणि सर्व रूपे एकाच फाँटमध्ये सामावली. दरम्यान अ‍ॅपल कंपनीने आपल्या मॅक ओएस एक्स या प्रणालीसोबत झाप्फिनो देण्यास सुरुवात केली होती. संगणक किती सूक्ष्म अक्षरजुळणी करू शकतो याचे प्रात्यक्षिक म्हणूनच तो त्या प्रणालीत होता. झाप्फ यांचे ४ जून २०१५ रोजी डार्मस्टाट येथे निधन झाले.

शैलीची वैशिष्ट्ये :

रोमन लिपीतील सुलेखनात्मक अक्षरांच्या स्थूलमानाने दोन परंपरा आहेत. एक परंपरा रुंद टोकाच्या लेखणीची. हिच्यात जाड-बारीकपणा लेखणी धरण्याच्या कोनातून येतो. बोरूने कित्ता गिरवलेल्यांना हे तत्त्व परिचित आहे; फरक एवढाच की, देवनागरीसाठी बोरूची तिरपी कापणी रोमनच्या उलट दिशेने असते. सोळाव्या शतकातील इटलीतील पोपच्या कार्यालयात रूढ झालेले इटालिक वळण या परंपरेतील होय. लुडोविको आर्रिगी याने १५२२ सालच्या आपल्या कित्त्यात हेच वळण शिकवले. दुसरी परंपरा लवचिक, टोकदार टाकाची. येथे जाड-बारीकपणा हाताच्या दाबाने येतो आणि अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात. मॅथ्यू कार्टर यांनी १९६० च्या दशकात घडवलेले ‘स्नेल राउंडहँड’ हे या परंपरेचे उत्तम उदाहरण आहे.

झाप्फिनो पहिल्या परंपरेतून आलेला आहे. त्याचा कणा इटालिक वळणाचा आहे. प्रत्येक अक्षर शेजारच्याला जोडण्याचा आग्रह त्यात नाही. अक्षरे सुटी राहूनही एका ओघात वाचली जातात. त्यामुळे राउंडहँड घराण्यातील अक्षरांत जो गोडवा कधी कधी जास्त होतो, तो येथे आटोक्यात राहतो. रेषा सडपातळ आहे, कल उजवीकडे आहे, पण गती एकसुरी नाही.

त्याचे खरे वैशिष्ट्य प्रमाणात आहे. मराठी शाळांतून इंग्रजी लिहायला शिकताना वापरली जाणारी चाररेघी वही येथे डोळ्यांसमोर आणावी. मधल्या दोन रेघांमध्ये मूळ अक्षर बसते. वरच्या रेघेपर्यंत एच, एल, डी यांचे दांडे जातात. खालच्या रेघेपर्यंत जी, वाय यांच्या शेपट्या उतरतात. वहीत हे तीन पट्टे जवळजवळ समान असतात. झाप्फिनोत मधला पट्टा अगदी अरुंद आहे आणि वरचा व खालचा पट्टा त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. मूळ अक्षर लहान आणि त्यातून निघालेले दांडे व लपेटी दूरवर पसरलेल्या, अशी ही रचना आहे. या एका प्रमाणातूनच त्याचा डौलही येतो आणि त्याच्या वापरातील बहुतेक अडचणीही येतात.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे रूपांची विपुलता. एकट्या लहान डी या अक्षराची अनेक रूपे त्यात आहेत : कोठे दांडा सरळ चढतो, कोठे डावीकडे मागे वळतो, कोठे शब्दावर छत्र धरावे तसा पुढे झुकतो. शब्दारंभी, शब्दमध्यात व शब्दान्ती येणारी रूपे वेगळी आहेत. एफ, टी, एल यांसारखी अक्षरे लागोपाठ आली तर त्यांची एकत्रित जोडाकृती येते. गंमत म्हणजे मॅक संगणकावर या अक्षरसंचाचे नाव रोमन लिपीत टंकित केले की सात अक्षरांच्या जागी एकच सलग आकृती अवतरते. जणू रचनाकाराची स्वाक्षरीच.

नियम आणि निवड :

ही रूपे आपोआप कशी बदलतात, हे समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला परक्या उदाहरणाची गरज नाही. संगणकात अक्षराचा संकेत आणि अक्षराची आकृती या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘र’ हेच अक्षर पाहावे. ‘रस’ मध्ये ते पूर्ण येते, ‘धर्म’ मध्ये रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसते, ‘प्रत’ मध्ये तिरकी रेघ होऊन पोटात शिरते, आणि ‘तऱ्हा’ मध्ये आडवे, अर्धे होते. टंकलेखन करणारा बहुतेक वेळा ‘र’ चीच कळ दाबतो; कोणती आकृती दाखवायची हे आजूबाजूची अक्षरे पाहून ठरवण्याचे नियम फाँटमध्ये लिहिलेले असतात. ओपनटाइप या १९९६ मध्ये जाहीर झालेल्या तंत्रमानकात अशा आकृतिबदलाच्या नियमांची स्वतंत्र सारणी असते. मंगल या युनिकोड फाँटमधील जोडाक्षरे जिच्यामुळे नीट उमटतात, तीच यंत्रणा झाप्फिनोच्या ओपनटाइप आवृत्तीतील लपेटी बदलते. मंगलचे रचनाकार र. कृ. जोशी हे स्वतः सुलेखनकार होते, ही बाबही येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

साम्य येथपर्यंतच आहे. ‘धर्म’ मधील रफार चुकला तर शब्द अशुद्ध होतो. देवनागरीतील आकृतिबदल हा शुद्धलेखनाचा भाग आहे, म्हणून तो संपूर्णपणे नियमबद्ध करता येतो आणि करावाच लागतो. झाप्फिनोत डी या अक्षराचे एक रूप सोडून दुसरे आले तर शब्द चुकत नाही. तो फक्त अधिक किंवा कमी चांगला दिसतो. हा अभिरुचीचा प्रश्न आहे आणि अभिरुची पूर्णतः नियमांत बसत नाही. फाँटमधील नियम आजूबाजूची अक्षरे पाहतात, फार तर शेजारचे शब्द पाहतात. सुलेखनकार संपूर्ण पान पाहतो. वरच्या ओळीतून उतरलेली शेपटी खालच्या ओळीतील कोणत्या दांड्याशी भिडेल, हे नियमाला कळत नाही.

म्हणूनच झाप्फिनो जसा टंकित झाला तसाच सोडून देणे हा त्याचा अपुरा वापर ठरतो. बहुतेक पृष्ठरचना-सॉफ्टवेअरमध्ये पर्यायी आकृत्यांची तालिका उघडून प्रत्येक अक्षराचे रूप हाताने बदलता येते. मॅक संगणकांमुळे हा अक्षरसंच सर्वत्र पसरला आणि दुकानांच्या पाट्यांपासून लग्नपत्रिकांपर्यंत त्याचा अतिवापर झाला, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. हा आक्षेप अक्षरसंचापेक्षा त्याच्या न बदललेल्या रूपाला अधिक लागू पडतो. जेथे तो कंटाळवाणा दिसतो, तेथे बहुधा एकाही अक्षराची निवड केलेली नसते.

उपयोजन :

झाप्फिनो हा थोड्या शब्दांचा अक्षरसंच आहे. शीर्षक, एखाद्या संस्थेचे नाव, निमंत्रणाची पहिली ओळ, मानपत्राचा मथळा, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील दोन-तीन शब्द, मद्याच्या बाटलीवरील किंवा सुगंधी द्रव्याच्या वेष्टनावरील नाव, ही त्याची स्वाभाविक क्षेत्रे होत. परिच्छेदाच्या मजकुरासाठी तो निरुपयोगी आहे. मूळ अक्षर लहान असल्याने वाचनीय होण्यासाठी त्याचा आकार मोठा ठेवावा लागतो, आणि आकार मोठा ठेवला की ओळींमधील अंतर इतके वाढते की परिच्छेद परिच्छेद राहत नाही. ओळी जवळ आणाव्यात तर वरच्या ओळीच्या शेपट्या खालच्या ओळीवर आपटतात. मानपत्राचा सगळा मजकूर एकाच सुंदर अक्षरात छापण्याचा मोह अनेक ठिकाणी दिसतो. वाचणाऱ्या व्यक्तीला समारंभात व्यासपीठावर अडखळावे लागते ते त्यामुळेच. मथळा झाप्फिनोत आणि मजकूर साध्या, उभ्या अक्षरात ही विभागणी अधिक शहाणपणाची. सोबतीला झाप्फ यांचाच पॅलॅटिनो चांगला शोभतो, कारण दोन्हींचा उगम लेखणीच्या एकाच संस्कारात आहे.

संपूर्ण शब्द मोठ्या लिपीत लिहिणे ही या अक्षरसंचाच्या बाबतीत सर्वांत ठळक चूक होय. त्यातील प्रत्येक मोठे अक्षर एकट्याने शब्दाचा आरंभ करण्यासाठी रचलेले आहे. तशी चार अक्षरे शेजारी ठेवली तर लपेटींचा गुंता होतो आणि एकही अक्षर ओळखू येत नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. येथे नावापूर्वी आद्याक्षरे आणि नावानंतर पदव्या लिहिण्याची पद्धत आहे. स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाची दोन आद्याक्षरे, त्यापुढे आडनाव, त्यापुढे एम. ए., पीएच. डी.; म्हणजे एका ओळीत सात-आठ मोठी अक्षरे सहज येतात. अशी ओळ झाप्फिनोत कधीही चांगली दिसणार नाही. आद्याक्षरांऐवजी पूर्ण नाव घ्यावे आणि पदव्या खालच्या ओळीत उभ्या अक्षरात द्याव्यात, हा त्यावरचा उपाय आहे.

मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना आणखी एक अडचण उद्भवते. मराठीतील महाप्राण व्यंजने रोमनमध्ये एच जोडून लिहिली जातात. ख, घ, थ, ध, भ आणि श, छ यांमुळे उंच दांड्याचे एच हे अक्षर मराठी नावांत पावलोपावली येते. ‘सिद्धार्थ’ हे नाव रोमनमध्ये लिहिले की दोन डी, एच, टी आणि पुन्हा एच असे उंच दांडे थोड्याशा अंतरात उभे राहतात. ‘देशमुख’ या आडनावात एच, के, एच हे तीन दांडे येतात. झाप्फिनोचे दांडे लांब आणि झुकलेले असल्याने अशा ठिकाणी दाटी होते, लपेटी एकमेकींना छेदतात. इंग्रजी वा जर्मन शब्दांत जी रचना मोकळी वाटते ती येथे कोंदटते. अशा वेळी तालिकेतून साधे, आखूड दांड्याचे रूप निवडून एखादाच दांडा डौलदार ठेवणे इष्ट. ‘सिद्धार्थ’ मध्ये पहिल्या किंवा शेवटच्या अक्षराला लपेट द्यावी. मधल्या अक्षरांनी शांत राहावे.

प्रमाणपत्रावरील विद्यार्थ्याच्या नावाचा प्रश्न याहून गंभीर आहे. निमंत्रणपत्रिकेवरील अक्षर चुकीचे वाचले गेले तर फारसे बिघडत नाही. प्रमाणपत्रावरील नाव मात्र पुढील अनेक वर्षे अनोळखी व्यक्ती वाचणार असतात : दुसऱ्या विद्यापीठातील प्रवेश विभाग, नोकरी देणारी संस्था, परदेशी वकिलातीतील अधिकारी. त्यांच्यासमोर नावाचे स्पेलिंग निःसंदिग्ध असावे लागते. लपेटदार मोठ्या अक्षरांत एका अक्षराचा भास दुसऱ्याचा होऊ शकतो, आणि कागद स्कॅन करून मजकूर ओळखणारी यंत्रणा तर अशा अक्षरापुढे बहुधा हतबल होते. त्यामुळे प्रमाणपत्राचा मथळा सुलेखनात्मक असावा. विद्यार्थ्याचे नाव, आसनक्रमांक, श्रेणी आणि दिनांक हे साध्या अक्षरातच असावेत. नाव सुंदर दिसावे ही इच्छा योग्य असली तरी ते अचूक वाचले जाण्याचा विद्यार्थ्याचा हक्क अधिक मोठा आहे.

छपाईच्या काही व्यावहारिक बाबी थोडक्यात. झाप्फिनोच्या बारीक रेषा लहान आकारात, विशेषतः सोनेरी वर्ख किंवा स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, तुटतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे काढल्यास त्या शाईने भरून जातात. तेथे ठळक आवृत्ती वापरावी. हा अक्षरसंच मॅक संगणकासोबत येतो, विंडोज संगणकासोबत येत नाही. कला शाखेतील मॅकवर तयार केलेली पत्रिका कार्यालयातील विंडोजवर उघडली की भलताच फाँट दिसतो, त्याचे कारण हेच. छापखान्याकडे पाठवताना फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी. अनधिकृतपणे उतरवून घेतलेली प्रत संस्थेच्या अधिकृत मुद्रणात वापरणे परवान्याच्या दृष्टीनेही अयोग्य आहे.

द्वैभाषिक मजकुराचा प्रश्न :

महाराष्ट्रातील समारंभपत्रिका बहुधा मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत असते. झाप्फिनोत देवनागरी अक्षरे नाहीत. त्यात मराठी शब्द टंकित केला की संगणक मुकाट्याने दुसरा फाँट वापरतो आणि एकाच पानावर डौलदार इंग्रजीशेजारी रूक्ष मराठी उभी राहते. यावर उपाय म्हणून देवनागरी फाँट यांत्रिकपणे तिरपा करण्याची प्रथा पडली आहे, ती सर्वथा टाळावी. रोमन इटालिक हे स्वतंत्रपणे विकसित झालेले वळण आहे, तिरपे केलेले उभे अक्षर नव्हे. देवनागरीत तर काने व दांडे कलतात आणि शिरोरेषा आडवीच राहते, त्यामुळे अक्षराचा तोल जातो.

लिपी बदलली की वळणाचा विचार मुळापासून करावा लागतो, याचे उदाहरण झाप्फिनोच्याच घराण्यात आहे. २०१४ मध्ये नादीन शाहीन या लेबनीज रचनाकर्तीने घडवलेला ‘झाप्फिनो अरेबिक’ प्रसिद्ध झाला. अरबी अक्षरांवर रोमन लपेटी चिकटवण्याचा प्रकार त्यात नाही. अरबी लेखणीच्या स्वतःच्या चालीतून मूळ अक्षरसंचाशी नाते जुळवले आहे. मराठीपुरते बोलायचे तर बोरूच्या कापातून येणारी देवनागरीची जाड-बारीक रेषा आणि हात न उचलता धावणारी मोडी, ज्या लिपीला युनिकोडमध्ये २०१४ मध्ये स्थान मिळाले, ही दोन वळणे अशा कामासाठी उपलब्ध आहेत. तोवर द्वैभाषिक पत्रिकेत मराठी मथळा एखाद्या सुलेखनकाराकडून प्रत्यक्ष लिहवून घ्यावा, तो स्कॅन करून बसवावा आणि त्याच्या रेषेची जाडी पाहून शेजारच्या इंग्रजी शब्दासाठी झाप्फिनोचे साधे किंवा ठळक रूप निवडावे. क्रम असाच ठेवावा : आधी मराठी अक्षर, मग त्याला जुळणारे इंग्रजी, कारण फाँटची रूपे बदलता येतात, लिहून झालेल्या ओळीची बदलता येत नाहीत.